एल्स्पाला न आठवलेली गोष्ट

हेल्लुवीक गावात कुणाला काही आठवेनासं झालं की माणसं एल्स्पाकडे येत. कुठल्या साली कुणाचा मेंढा कड्यावरून समुद्रात पडला, कुणाच्या लग्नात बटाटे कच्चे राहिले, प्रार्थनाघराच्या छपराला रंग देताना कोण शिडीवरून घसरलं आणि घसरता घसरता त्याच्या तोंडून कोणता शब्द गेला, हे सगळं तिला तारीखवार पाठ होतं. चौसष्टाव्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण डोकं कसं लख्ख होतं.

अडचण एवढीच होती की तिच्या डोक्यात साठलेल्या गोष्टी बहुतेक करून दुसऱ्यांच्या चुकांच्या होत्या. रविवारच्या उपासनेनंतर प्रार्थनाघरात कॉफी व्हायची. एल्स्पाचा केक सगळ्यांना आवडे. लोक तिच्या टेबलापाशी येत, केकचा तुकडा बशीत घेत, फार छान झालाय म्हणत आणि बशी घेऊन दुसऱ्या टेबलाकडे सटकत. तिच्याजवळ बसलं की पाच मिनिटांत आपल्या आजोबांची एखादी भानगड निघणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. एल्स्पाची समजूत अशी होती की आपल्यासमोर दुसरा तुकडा घ्यायला लोकांना संकोच वाटतो.

शेजारच्या हानुसशी तर ती अकरा वर्षं बोलत नव्हती. कारण रूबार्बचं होतं. ती आंबट तांबड्या देठांची झाडं तिच्या आईने लावलेली. त्याच देठांच्या जामवर घरातली तीन पिढ्यांची न्याहारी झालेली. एके वर्षी मे महिन्यात एल्स्पा दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. परत येऊन बघते तर वाफ्याचा पार चेंदामेंदा झालेला आणि मातीत ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे उमटलेले. गावाच्या त्या टोकाला ट्रॅक्टर एकट्या हानुसकडे होता. एल्स्पाने एक आणि एक दोन केले आणि तिथून पुढे हानुसचं नाव टाकलं.

हानुस काही वाईट माणूस नव्हता. त्या वर्षी नाताळच्या आधी तो वाळवलेल्या मटणाची एक अख्खी तंगडी घेऊन दारात उभा राहिला होता. एल्स्पाने त्याला सांगितलं की ख्रिस्ती माणूस म्हणून ती त्याला क्षमा करायला केव्हाही तयार आहे, फक्त त्याने आधी कबूल करावं. हानुसने टोपी काढून डोकं खाजवलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या दॉन्यलकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे बघितलं आणि तो निघून गेला. तंगडी त्याच्यामागोमाग परत गेली.

आता, अकरा वर्षांनी, प्रार्थनाघराला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी मोठा कार्यक्रम ठरला आणि चार जणांनी साक्ष द्यायची असं ठरलं. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते दहा-दहा मिनिटांत सांगायचं. प्रार्थनाघराचं सगळं बघणारा होग्नी हा मवाळ माणूस. चौघांत एल्स्पाचं नाव घालण्याआधी तो एक आठवडा नीट झोपला नसावा. आमंत्रण द्यायला घरी आला तेव्हा तो तीनतीनदा म्हणाला, "प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग हं, एल्स्पा. लोकांनी काय केलं ते राहू दे."

एल्स्पाने मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी तिने पाच पानं लिहिली आणि दॉन्यलला समोर बसवून वाचून दाखवली. दॉन्यल चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होता; समोरून वादळ येत असलं की गप्प बसावं, हे तो तिथेच शिकला होता. पण वाचन संपल्यावर बायको उत्तराची वाट बघत राहिली, तेव्हा त्याला तोंड उघडावंच लागलं.

"साडेतीन पानं हानुसवर आहेत," तो म्हणाला. "एक पान होग्नीच्या सासूवर. प्रभू शेवटी येतो, तोही घाईघाईत."

एल्स्पाला राग आला. तिने पानं फाडली आणि नव्याने लिहायला घेतलं. यावेळी ती मुळापासून सुरुवात करणार होती. एकोणीस वर्षांची असताना, ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तिने त्याच प्रार्थनाघरात आपलं आयुष्य प्रभूच्या हाती दिलं होतं. तिला सगळं आठवत होतं. बाहेर वारा इतका होता की दार लावायला दोन माणसं लागली होती. दुसऱ्या बेटावरून आलेल्या उपदेशकाचा डावा गमबूट टाचेपाशी फाटलेला होता. ती स्वतः मागून तिसऱ्या बाकावर बसली होती आणि इतकी रडत होती की शेजारच्या बाईने नाक पुसायला स्वतःचा लोकरीचा हातमोजा दिला. मोजा राखाडी होता.

पण आपण रडत कशासाठी होतो?

पेन हातात तसंच राहिलं. तिने गमबुटापासून पुन्हा सुरुवात केली, वाऱ्यावरून, मोज्यावरून येऊन पाहिलं. प्रत्येक वेळी त्या जागी पोचली की पुढे नुसतं धुकं. पापांची क्षमा मिळाली म्हणून रडत होते, हे तिला माहीत होतं. पण कुठली पापं? आठवून आठवून तिला स्वतःचं एकही पाप सापडेना. होग्नीच्या सासूची मात्र चार सापडली.

रात्रीच्या जेवणाला तिने दॉन्यलला विचारलं. दॉन्यलच्या घशात बटाटा अडकला. पाणी प्यायला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याने ताटात बघत सांगितलं की सुन्नुवाला जाऊन विचार, तिला माहीत असेल. आणि मग आपल्याला गोठ्यात काम आहे म्हणून तो उठला. त्यांच्याकडे गोठा नव्हता.

सुन्नुवा मूळची हेल्लुवीकचीच; आता एक्क्याण्णव वर्षांची होती आणि बोगद्यापलीकडच्या गावात वृद्धाश्रमात राहत होती. एल्स्पा तीन वर्षांत तिच्याकडे फिरकली नव्हती, कारण मागच्या खेपेला सुन्नुवा म्हणाली होती की केक जरा कोरडा झालाय. आता मात्र एल्स्पा नवा केक घेऊन गेली. त्यात लोणी तिने हात सैल सोडून घातलं होतं.

सुन्नुवा खिडकीशी बसून मोजा विणत होती. तिने केक चाखला, मान हलवली आणि बाकीचा तुकडाही संपवला. मग एल्स्पाने विचारलं, "मावशी, मी प्रभूकडे आले त्या वर्षी माझ्या हातून काय झालं होतं गं?"

सुन्नुवाने सुया मांडीवर ठेवल्या. "फाटक," ती म्हणाली.

"कुठलं फाटक?"

"वरचं. कुरणाचं. आणि कुब्बी. अगं, माझा कुत्रा."

आणि मग तिने सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकताना एल्स्पाच्या हातातली कॉफी गार होत गेली.

त्या जूनमध्ये गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. मेंढ्या दगडी भिंतीपलीकडे डोंगरावर होत्या आणि भिंतीच्या आत अख्ख्या गावाचं हिवाळ्याचं गवत उभं होतं. एका संध्याकाळी एल्स्पा वरच्या फाटकापाशी एका तरुण खलाशाबरोबर उभी होती. उभी होती असं सुन्नुवा म्हणाली आणि मग बराच वेळ हसली. निघताना दोघांपैकी कुणाचंच फाटकाकडे लक्ष नव्हतं. पहाटेपर्यंत मेंढ्यांनी गावाचं निम्मं गवत खाल्लं आणि उरलेलं तुडवलं. सकाळी माणसं जमली, आरडाओरडा सुरू झाला. घाबरलेल्या एल्स्पाने सांगितलं की सुन्नुवाच्या कुब्बीने मेंढ्यांना भिंतीवरून हुसकावून आत आणलं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मेंढ्यांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्याला गावात जागा नसते. कुब्बीला गोळी घालायचं ठरत होतं. सुन्नुवाने हातापाया पडून त्याला दूर तोर्सहाव्न शहरात आपल्या भावाकडे पाठवलं. तिला मूल नव्हतं, नवरा सहा-सहा महिने समुद्रावर असायचा. घरात तिच्याशी बोलणारं ते एक कुत्रंच होतं.

"आणि मग?" एल्स्पाने विचारलं.

"मग तू ऑक्टोबरात आलीस. दारातच रडायला लागलीस. मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं. तुझं बोलणं अर्धं झालं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, आत ये, वारा घरात येतोय."

"एवढंच म्हणालीस?"

"मग काय म्हणणार? राग तर असा आला होता की तुला त्या फाटकालाच बांधावं. पण माझीही अशीच एक गोष्ट होती. फार जुनी. ती मला प्रभूने पुरी सांगूसुद्धा दिली नव्हती, आधीच माफ केलं होतं. मग तुझी मी कशी पुरी करून घेणार?"

गावकऱ्यांना सांगायचं धैर्य एल्स्पाला झालं नव्हतं. म्हणून सुन्नुवाने स्वतःच जाऊन सांगितलं की कुत्र्याचा दोष नव्हता, तो परत येतोय, आणि कुणाचा दोष होता ते ती सांगणार नाही. लोक म्हणाले, बाई कुत्र्यापायी खुळी झाली. त्या हिवाळ्यात तिने आपल्या वाट्याच्या गवतातलं बरंचसं इतरांना दिलं आणि स्वतःच्या दोन मेंढ्या कमी केल्या. कुब्बी टपालाच्या बोटीने परत आला. धक्क्यावर उतरल्यावर तो सगळ्यांना सोडून नेमका एल्स्पाच्या पायांवर जाऊन बसला आणि उठेचना.

एल्स्पा खिडकीबाहेर बघत होती. कुत्र्याचं वजन तिला पावलांवर जाणवत होतं. एवढी मोठी गोष्ट, आणि हिचा एक धागासुद्धा आपल्याकडे राहिला नव्हता. मेंढ्यांनी खाल्लेलं गवत मात्र तिच्या लक्षात होतं. त्या वर्षाला सुन्नुवाच्या कुत्र्याचं साल म्हणतात, असं ती लोकांना आजवर सांगत आली होती.

"मावशी, तूच म्हणाली असशील ना, विसरून जा म्हणून?"

"चूक विसर म्हटलं होतं," सुन्नुवा म्हणाली. "माफी विसर असं कधी म्हटलं? तू दोन्हींचं एकच गाठोडं बांधलंस आणि समुद्रात फेकून दिलंस." तिने सुया पुन्हा उचलल्या. "पहिली काही वर्षं तुला बघायला फार बरं वाटायचं. कुणाचंही काही चुकलं की तू आधी त्याच्यासाठी कॉफी ठेवायचीस. मग हळूहळू कोरडी पडत गेलीस. मागे मी केकबद्दल बोलले, ते काही केकबद्दल नव्हतं गं."

बोगद्यातून परत येताना एल्स्पाने गाडी इतकी सावकाश चालवली की मागे चार गाड्यांची रांग लागली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात तिची हयात गेली होती आणि स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाला तिने आधारासारखं धरून ठेवलं होतं. तिला हसू यायला लागलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. गावात शिरल्यावर ती घरी न जाता सरळ हानुसच्या शेडवर गेली.

हानुस मेंढ्यांची लोकर पोत्यात भरत होता. अकरा वर्षांनी समोर उभी राहिलेली एल्स्पा बघून त्याच्या हातातलं पोतं सुटलं. रूबार्बबद्दल मी तुला क्षमा करते, कबूल कर अथवा नको करूस, असं तिने एका दमात सांगून टाकलं. हानुसने पोतं उचललं, तिच्याकडे बघितलं, छपराकडे बघितलं, आणि आभारी आहे म्हणाला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. एल्स्पाला वाटलं, त्याला गहिवरून आलं असावं. जरा जास्त गहिवर अपेक्षित होता, असंही तिला वाटून गेलं.

रविवार उजाडला. प्रार्थनाघरात साठ माणसं बसली होती. मागच्या टेबलांवर केकचे थर लागले होते, आणि पहिल्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत सुन्नुवा होती. एल्स्पा बोलायला उभी राहिली तसे अनेकांचे खांदे आवळले गेले. होग्नीने डोळे मिटून घेतले. तो प्रार्थना करत असावा.

आपण एका कुत्र्याची बदनामी केली, अशी तिने सुरुवात केली. आपण नीटच ऐकलं ना, याची लोकांनी आधी एकमेकांकडे बघून खात्री करून घेतली. मग ती फाटकापाशी आली, आणि एका खलाशाबरोबर आपण तिथे उभे होतो असं म्हणाली, तेव्हा साठच्या साठ माना दॉन्यलकडे वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. सत्तर मेंढ्या आत शिरल्या, असं तिने सांगताच पहिल्या बाकाजवळून आवाज आला, "सत्त्याऐंशी." आता सगळं घर हसत होतं. त्या भिंतींनी एल्स्पाच्या तोंडून आलेल्या शब्दांवर एवढं हसू पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मग ती सुन्नुवाच्या दारातल्या त्या दिवसाकडे आली आणि हसू हळूहळू निवलं. ती म्हणाली, "माझं बोलणं पुरं व्हायच्या आत मला माफ केलं गेलं. मावशीने केलं, आणि त्याच संध्याकाळी मला कळलं की प्रभूनेही तसंच केलंय. ते मी विसरले. विसरले तिथेच माझी वाढ थांबली. मी पंचेचाळीस वर्षं तुमच्या चुका मोजत बसले, कारण मोजायला माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं."

ती खाली बसणार, तोच मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. दॉन्यल उभा होता. लग्नाच्या दिवशी बोलला त्यानंतर तो प्रार्थनाघरात उभा राहून बोलला नव्हता.

"तो रूबार्ब," तो म्हणाला. "ट्रॅक्टर मी घातला होता."

आपण वाफ्याला खत म्हणून समुद्रातलं शेवाळ घालायला निघालो होतो, एल्स्पा परत येईल तेव्हा तिला आनंद व्हावा म्हणून, असं त्याने सांगितलं. ट्रॅक्टर हानुसकडून मागून आणला होता. पुढचा आणि मागचा गिअर यांत गफलत झाली. आधी सांगायचं राहिलं, मग हानुसवर आळ आला, आणि मग इतकी वर्षं झाली की सांगायचं कसं तेच कळेना.

एल्स्पाने हानुसकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"ट्रॅक्टर माझाच होता ना," हानुस म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

हानुस जागेवर चुळबुळला. "मी नुसता शेजारी आहे. त्याला तुझ्याबरोबर राहायचं होतं."

हसण्याचा असा स्फोट झाला की खिडकीची तावदानं वाजली. एल्स्पा मात्र हसली नाही. अकरा वर्षं. तिच्या डोक्यात वाक्यं भराभर रांगेत उभी राहिली, तारखांसकट, एकापेक्षा एक धारदार. हातात तिचाच कागद होता आणि त्यावरची शाई अजून ताजी होती. तिने कागदाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. दॉन्यलचे कान पेटल्यासारखे लाल झाले होते. फाटकापाशी उभा होता तेव्हाही त्याचे कान असेच होते, हे तिला आत्ता, इतक्या वर्षांनी आठवलं.

"दॉन्यल, घरी बोलू," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. मग तिने खोल श्वास घेतला. "म्हणजे, माफ केलं. पण बोलू."

आणि ती बाकांमधून चालत हानुससमोर जाऊन उभी राहिली. तिने सगळ्यांसमोर त्याची क्षमा मागितली. हानुसने विचारलं की मटण परत केलं होतं, त्याचीही मागतेस का. त्याचीही, ती म्हणाली; पण ती तंगडी खरोखरच हाडकुळी होती. त्यावर हानुसने मान्य केलं की होती.

त्या दिवसानंतर एल्स्पा एकदम संत झाली असं कुणी म्हणणार नाही. तिची जीभ तीच होती, डोकंही तेच. घरी बोलू म्हटलं होतं, ते बोलणं मंगळवारपर्यंत चाललं. पण रोज सकाळी कॉफी उकळेपर्यंत ती खिडकीशी बसून फाटकाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःला सांगायची, एकही मेंढी न वगळता. ज्या दिवशी सांगायची राहून जाई, तो दिवस दॉन्यलला दहा वाजेपर्यंत ओळखता येई, आणि तो आपणहून विचारी, आज कुत्रा परत आला का गं. बहुतेक वेळा ती हसे. कधी कधी चमचा फेके. रविवारी मात्र लोक केकची बशी घेऊन तिच्याच टेबलाशी बसायला लागले. पहिल्या रविवारी तर दोन खुर्च्या कमी पडल्या आणि तिला काय बोलावं ते सुचेना.

फेब्रुवारीत सुन्नुवा गेली. झोपेतच गेली, मांडीवरचा मोजा टाचेपर्यंत आला होता. दफनानंतर सगळे प्रार्थनाघरात जमले आणि होग्नीने एल्स्पाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती फार बोलली नाही. सुन्नुवाने आपल्याला माफ केलं आणि कुणाला कळू दिलं नाही, एवढंच म्हणाली आणि बसली.

थोडा वेळ कपांचे आवाज येत राहिले. मग होग्नीची सासू उभी राहिली. तिने घसा साफ केला आणि सांगितलं की तिच्या बाबतीतही सुन्नुवाने एकदा असंच केलं होतं. बोटीचा मामला होता, तपशील नको. ती बसते न बसते तोच दुकानदार उठला. मग शाळेच्या जुन्या मास्तरीणबाई. मग हानुस, ज्याने लहानपणी सुन्नुवाच्या वाळवणाच्या खोपटाला आग लावली होती आणि वीज पडली असं सांगितलं होतं. एकेक जण उठत होता आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य होतं, कारण प्रत्येकाला इतकी वर्षं वाटत होतं की आपण एकटेच. आठ जण झाले, नऊ झाले. मागे कुणीतरी पुन्हा कॉफी चढवली, मग आणखी एकदा.

एल्स्पा दॉन्यलशेजारी बसून ऐकत होती. कुणाची गोष्ट कुठल्या सालची, याचा हिशोब करायचं तिला सुचलंच नाही. दहाव्या खेपेला एक बाई रडत रडत उठली, तेव्हा एल्स्पाने पिशवीतून स्वतःचा लोकरीचा हातमोजा काढला आणि पुढच्या बाकावरून तिच्याकडे सरकवला.